मानांकन आणि प्रारब्ध

माणसामाणसांत भेद मानावा की मानू नये, या प्रश्नाचा काथ्याकूट आपल्या ग्रंथांत, कीर्तनांत आणि वर्तमानपत्रांत इतक्या वेळा झाला आहे, की त्याच्याच पोटात असलेला दुसरा, अधिक व्यवहारी आणि म्हणूनच अधिक अडचणीचा प्रश्न बहुधा दुर्लक्षितच राहतो. भेद करणे अपरिहार्यच असेल, तर तो कोणी करावा, कशाच्या आधारावर करावा, आणि एकदा केलेला भेद किती मुदतीपर्यंत चालू ठेवावा, असा तो प्रश्न आहे. अधिकारभेदाचे तत्त्व सांगणाऱ्या आचार्यांनी यातल्या पहिल्या दोन कलमांचा ऊहापोह पुष्कळ केला; ज्याची जशी पात्रता तसा त्याला उपदेश, ज्याचे चित्त अजून फलाशेत गुंतलेले त्याला कर्म, ज्याचे निवळले त्याला ज्ञान, ही व्यवस्था तर्काला धरून आहे आणि वर्गात चाळीस मुले सांभाळणाऱ्या कोणत्याही मास्तरला ती मनापासून पटेल. मुदतीचे कलम मात्र त्यांनी जवळजवळ कोरेच सोडले. आणि मला असे वाटू लागले आहे की आपल्या समाजाचा जो नैतिक तोटा झाला, तो भेद केल्याने जितका झाला त्याहून अधिक हे कलम कोरे राहिल्याने झाला.

या विचाराला चालना मिळाली ती एका सर्वस्वी परक्या विषयामुळे. शिडाच्या नौकांच्या शर्यतींत स्पर्धकांचे ताफे कसे पाडतात, त्याचे नियम वाचनात आले. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले आमचे डोणगाव हे मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. येथून अरबी समुद्र चारशे किलोमीटरांहून दूर, आणि येथल्या माणसाने पाहिलेले मोठे पाणी म्हणजे पैनगंगेवरचे पेनटाकळीचे धरण, नाहीतर शेजारच्या तालुक्यातले लोणारचे खारे सरोवर. शीड या वस्तूशी आमचा संबंध चित्रापुरताच. परंतु नियम वाचायला पाणी लागत नाही. आणि मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्याची, शेतकऱ्याच्या घरची नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शीड हाताळायला शिकून 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांत रौप्यपदक मिळवते, त्या अर्थी समुद्र जवळ नसण्याची सबबही आता फारशी उरलेली नाही.

नियमांकडे वळण्यापूर्वी आमच्याकडचा एक क्रम सांगितला पाहिजे, कारण तो मनात असल्यावाचून त्या नियमांचे नवल कळणार नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलांची खांदेमळणी होते. जुवाखाली वर्षभर घासून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप आणि हळद चोळतात, आणि ज्या हातांनी वर्षभर पराणी टोचली तेच हात त्या दिवशी खांद्यावरून इतके हळुवार फिरतात की पाहणाऱ्याला थोडे ओशाळल्यासारखे होते. दुसऱ्या दिवशी, श्रावणी अमावास्येला, जोड्यांना न्हाऊ घालून, शिंगांना बेगड चिकटवून, पाठीवर झुली टाकून गावच्या आखरावर नेतात. तेथे आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते व त्याखाली सारा गाव आपापल्या जोड्या घेऊन ओळीने उभा राहतो. कोणती जोडी कोठे उभी राहील, हे तिने त्या वर्षी किती नांगरट केली वा किती बंड्या ओढल्या यावरून ठरत नाही. ते ठरते घराण्यावरून. झडत्या म्हटल्या जातात, त्यांत शेजारच्या गावाची, सावकाराची आणि सरकारची यथेच्छ टिंगल होते, आणि मग मानकऱ्याच्या जोडीने पुढे होऊन तोरण तुटल्याखेरीज पोळा फुटत नाही. 1962 च्या कायद्याने महसुली पाटलांचे वंशपरंपरागत पद महाराष्ट्रातून गेले, दफ्तर तलाठ्याकडे गेले, सनदा पेटीच्या तळाशी गेल्या. तोरणाखालची जागा मात्र कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नसल्यामुळे जेथल्या तेथे राहिली. मानाच्या जोडीतला एखादा बैल थकून गेला असला, पाय ओढीत चालत असला, तरी त्याच्या मागे उभ्या असलेल्या तरण्याबांड खोंडाला पुढे काढावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही. पोळा हा सण आहे, चुरस नव्हे. तोच बैल शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, उतरला की हिशेब आपोआप पालटतो. तेथे धुरकऱ्याचे आडनाव कोणी विचारीत नाही, घड्याळात काय वेळ आली एवढेच पाहतात. म्हणजे एकाच गावाला दोन्ही भाषा येतात, मानाची आणि वेळेची. आणि कोणती कोठे बोलायची हेही त्याला कळते. घोटाळा होतो तो सणाचा क्रम शर्यतीला, आणि त्याहून वाईट म्हणजे जगण्याला लावला जातो तेव्हा.

आता नौका. शिडाच्या शर्यतीत सर्व नौका एकाच आरंभरेषेवरून एकदम सुटतात, आणि रेषा कितीही लांब आखली तरी तिच्यावर मावणाऱ्या नौकांना मर्यादा असते. म्हणून मोठ्या स्पर्धेत त्यांचे ताफे पाडावे लागतात. समजा 90 नौका आल्या, तर तीस-तीसचे तीन ताफे होतात, त्यांना पिवळा, निळा, तांबडा असे रंग दिले जातात, आणि ज्या त्या नौकेवर त्या रंगाची फीत बांधली जाते. पहिल्या दिवशी कोणी कोणत्या ताफ्यात उतरायचे हे आयोजकांनी नेमलेली मानांकन समिती पूर्वीच्या कामगिरीवरून ठरवते. येथपर्यंत काही विशेष नाही. सामान्य बुद्धी असे म्हणेल की निष्णात तीस एका ताफ्यात घालावे, मध्यम दुसऱ्यात, नवशिके तिसऱ्यात, म्हणजे ज्याला त्याला आपल्या तोलामोलाची सोबत मिळेल. अधिकारभेदाचा रूढ अर्थ तरी दुसरा काय आहे? पण समितीला हुकूम आहे तो नेमका उलट: ताफे संख्येने आणि कुवतीने शक्य तितके सारखे असले पाहिजेत. गुणवत्ता मोजायची ती गुणवंतांना एकत्र करण्यासाठी नव्हे, त्यांना सर्वांत वाटून टाकण्यासाठी.

हे वाटप करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पहिल्या क्रमांकाची नौका पिवळ्यात, दुसरी निळ्यात, तिसरी तांबड्यात; मात्र चौथी पुन्हा पिवळ्यात न जाता तांबड्यातच राहते, पाचवी निळ्यात, सहावी पिवळ्यात, सातवीही पिवळ्यात, आणि अशी ही ओळ नांगराच्या तासाप्रमाणे बांधापाशी वळून परत येत राहते. सरळ क्रमाने वाटले असते तर प्रत्येक खेपेस पिवळ्याला उत्तम आणि तांबड्याला उरलेले मिळाले असते. वळवून वाटल्यामुळे एक आणि सहा, दोन आणि पाच, तीन आणि चार, तिन्ही बेरजा सातच होतात. मुलांच्या ऑप्टिमिस्ट नावाच्या छोट्या नौकांची जागतिक स्पर्धा असते, तीत एका देशाची जास्तीत जास्त पाच मुले उतरतात. त्यांनाही एका ताफ्यात गोळा न करता पांगवून घालतात, म्हणजे घरच्यांनी घरच्यांना वाट करून देण्याचा प्रसंगच येऊ नये. हिशेबही सुटसुटीत आहे: पहिल्या येणाऱ्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता; ठरलेल्या संख्येइतक्या शर्यती झाल्या की प्रत्येकाची सर्वांत वाईट कामगिरी हिशेबातून वगळतात. प्रायश्चित्ताचे इतके स्वस्त आणि सार्वत्रिक विधान मी अन्यत्र वाचलेले नाही.

आणि मग मुदतीचे कलम. पहिल्या दिवसाच्या शर्यती आटोपल्या की त्या दिवशीच्या निकालांवरून सर्व नौकांची नवी क्रमवारी लागते, तीच वळणाची रीत पुन्हा लावतात, आणि दुसऱ्या सकाळी पिवळ्या फितीचा मनुष्य तांबडी फीत बांधून वेगळ्याच सोबत्यांशी झुंजायला निघतो. पात्रता फेरीचे दिवस संपेपर्यंत हे असेच चालते. मानांकन समितीने पहिल्या दिवशी जे मत बनवले होते, त्याचे आयुष्य एका दिवसाचे. त्या मताने कोणाच्या पदरात एक गुण पडला नाही की कोणाचा एक गुण गेला नाही. कोणाशी प्रथम गाठ पडेल एवढेच त्याने ठरवले, आणि ठरवून ते निकालात निघाले.

येथे मला कर्मसिद्धांत आठवल्यावाचून राहिला नाही. मागच्या कामगिरीवरून आज कोणी कोठून सुटायचे याचा निवाडा म्हणजे मानांकन. आणि आपल्या शास्त्रांच्या मते जन्म म्हणजे तरी दुसरे काय आहे? संचिताचा ढीग, त्यातून या खेपेसाठी उचलून हाती दिलेले प्रारब्ध, आणि आता आपण करीत आहोत ते क्रियमाण, ही तीन नावे घेऊन शास्त्रकारांनी जी मांडणी केली ती या स्पर्धेच्या मांडणीशी इतकी जुळते, की प्रथमदर्शनी एखाद्याला समितीच्या दालनात चित्रगुप्तच चोपडी घेऊन बसला आहे असे वाटावे. जुळणी जितकी निकट तितका फरक मात्र अधिक डोळ्यांत भरतो. समितीने केलेली यादी सूचनाफलकावर लागते, आणि तीत आपण अठ्ठाविसावे का, हे ज्याला वाटेल त्याने मागचे निकाल काढून पडताळावे. चित्रगुप्ताच्या चोपडीची नक्कल कोणाला मिळालेली नाही. ज्या कामगिरीबद्दल मला या घरात, या जातीत, या देहात घातले असे सांगितले जाते, ती कामगिरी मला आठवत नाही, सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते; तो तर माझ्या आजच्या जागेवरूनच ती उलटी ताडतो, म्हणजे ज्याचा पुरावा द्यायचा तेच पुराव्यादाखल पुढे करतो. न्यायाच्या कोणत्याही दरबारात असली कैफियत टिकणार नाही.

सिद्धांताच्या अभिमान्यांचे यावर एक उत्तर आहे, आणि ते वजनदार आहे. ते म्हणतात, प्रारब्ध केवळ आरंभबिंदू ठरवते. पुढचे सारे पुरुषार्थाच्या हाती असते. क्रियमाण स्वतंत्र नसेल तर विधिनिषेधांना अर्थच उरणार नाही. मला हे उत्तर पूर्णतः मान्य आहे. किंबहुना माझी सारी तक्रार या उत्तराच्या आधारावरच उभी आहे. प्रारब्ध जर पहिल्या सकाळची फीत असेल, तर ती पहिल्या सायंकाळी उतरायला हवी होती. शास्त्राने माणसाला दिलेला पुरुषार्थ हा व्यवहारात असा निघाला की त्याचे गुण या जन्मी मोजायचेच नाहीत, ते पुढच्या जन्माच्या खाती टाकायचे. शर्यत आज, निकाल मरणोत्तर. ज्या स्पर्धेत निकाल आयुष्यभर रोखून ठेवला जातो, तीत फीत बदलण्याचा प्रश्न उद्भवतच नाही, आणि समितीचा पहिला अंदाज हाच अखेरचा फैसला होऊन बसतो.

याचे उदाहरण शोधायला आम्हाला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. संत चोखामेळ्यांचा जन्म देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजाचा, अशी परंपरा आहे. 1338 साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत अंगावर पडून ते गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. पायरीच्या खाली, देवाच्या नजरेसमोर आणि देवळाच्या बाहेर. त्यांच्या योग्यतेविषयी संतमंडळात दुमत नव्हते. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात त्यांचे नाव आदराने घेतले जाई, म्हणजे आजच्या भाषेत त्यांचे गुण लागलेले होते आणि ते सर्वांना दिसत होते. तरीही फीत बदलली नाही. चोखोबांच्या वाणीत या जन्माचा दोष पूर्वकर्माकडे देऊन स्वतःची समजूत घालण्याचा सूर अनेकदा लागतो. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र ती समजूत घालून घ्यायला राजी नाही. तो थेट विठ्ठलालाच जाब विचारतो, की हीन कुळात घालताना तू काहीच विचार केला नाहीस काय. बापाने प्रारब्ध स्वीकारले, मुलाने दाद मागितली, आणि धर्मविचार म्हणून मुलाची बाजू मला अधिक धार्मिक वाटते, कारण देव न्यायी आहे यावर ज्याचा विश्वास आहे तोच त्याच्याकडे तक्रार घेऊन जातो. त्या तक्रारीचा निवाडा व्हायला सहा शतके लागली. साने गुरुजींनी 1 ते 10 मे 1947 असे उपोषण केले तेव्हा कोठे पंढरपूरच्या मंदिराचे दार हरिजनांना उघडले.

गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत चार वर्णांची विभागणी आपण गुण आणि कर्म यांवरून केली असे सांगतात, आणि जन्म हा शब्द तेथे येत नाही, याचे सुधारकांना नेहमीच समाधान वाटत आले आहे. गुणकर्मावर केलेले वर्गीकरण म्हणजे न्याय्य वर्गीकरण, असा त्यांचा युक्तिवाद. डॉ. आंबेडकरांनी 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि प्रत्यक्षात करू न दिलेल्या भाषणात या युक्तिवादाची जी चिरफाड केली, ती नौकांच्या नियमांनंतर वाचली म्हणजे तिचा रोख अधिक नीट कळतो. माणसांचे चारच ठरीव वर्ग पाडता येतात हे गृहीतच ते मान्य करीत नाहीत. प्लेटोच्या आदर्श राज्यातही हाच दोष होता असे दाखवून देतात. गुणावरून वर्ग पाडणार असाल तर ब्राह्मण-क्षत्रिय ही जन्माचा वास असलेली जुनी नावे कशाला ठेवता, असे विचारतात. आणि अशी व्यवस्था दंडाच्या धाकावाचून टिकणार नाही हेही सांगतात. मी त्यात एवढीच भर घालीन, की गुणकर्मविभाग हा शब्दप्रयोग ज्याला प्रामाणिकपणे वापरायचा असेल त्याने आधी गुण मोजणारी समिती, निकालाचा फलक आणि पुनर्विभागणीचा वार दाखवावा. शर्यतीच्या नियमावलीत हे तिन्ही आहे. स्मृतींत तिन्हींपैकी एकही नाही. ज्या वर्गीकरणाची फेरतपासणी कधी व्हायचीच नाही, त्याच्या मुळाशी गुण होते की जन्म होता, याला दुसऱ्या पिढीपासून काही अर्थ उरत नाही. गुणावरून मिळालेली जागाही मुलाला वारशाने मिळाली की ती वतनच.

हे सारे वाचून कोणी असे समजू नये की शिडाची दुनिया ही काही धर्मराज्य आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावरचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 चा. इंग्रजी अमदानीत त्याच्या सभासदत्वाची दारे हिंदी माणसाला बंद होती. पाण्यावर ज्यांनी इंचाइंचाचा न्याय पाळला त्यांनी काठावर कातडीच्या रंगाने माणसे निवडली, आणि यात विसंगती आहे हे त्यांतल्या किती जणांना खुपले असेल देव जाणे. पुढे त्याच मुंबईच्या समुद्रावर 1982 च्या आशियाई स्पर्धांतल्या शिडाच्या शर्यती झाल्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने भारतासाठी सुवर्णपदक जिंकले, ही गोष्ट वेगळी. नियम न्यायी असला म्हणून त्याच्या फाटकावरचा पहारेकरी न्यायी असतो असे नाही, आणि फाटकाबाहेर ठेवलेल्या माणसाला ताफे कसे पाडतात याच्याशी काय कर्तव्य?

शिवाय फाटकाच्या आतही सारे निर्दोष नाही. दोन ताफे एकाच वेळी सुटत नाहीत. पिवळा सुटतो तेव्हा वारा भरून असतो, अर्ध्या तासाने तांबड्याची पाळी येते तेव्हा तो पडलेला असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कार्याच्या सिद्धीची पाच कारणे सांगून पाचवे दैव म्हटले आहे. शिडाच्या खेळात ते पाचवे कारण डोळ्यांना दिसते, पाण्यावर सरकणाऱ्या काळसर सुरकुत्यांच्या रूपाने. रोज ताफे बदलण्यामागे हेही एक कारण आहे, की आज ज्याला पडका वारा मिळाला त्याला उद्या दुसऱ्या सोबत्यांत, दुसऱ्या वेळी उतरता यावे. दैव नाहीसे करता येत नाही. ते एकाच्याच वाट्याला पुन्हा पुन्हा येणार नाही अशी तजवीज करता येते, आणि मानवी न्यायाची मजल बहुधा एवढीच असते.

याहून विचारात पाडणारे एक लहानसे कलम आहे. दुसऱ्या दिवसाचे ताफे त्या रात्री ठरलेल्या वेळेपर्यंत, उदाहरणार्थ नऊ वाजेपर्यंत, हाती असलेल्या निकालांवरून पाडायचे. एखादी हरकत किंवा दाद तोवर निकालात निघाली नसेल तरी थांबायचे नाही. समजा एका खलाशाला दुसऱ्याने नियमबाह्य आडवे येऊन मागे पाडले, त्याने रीतसर हरकत घेतली, पंच साक्षी घेत बसले आणि साडेनऊला त्याच्या बाजूने निर्णय झाला. तर त्याचे गुण दुरुस्त होतील, पण उद्याचा ताफा बदलणार नाही. हे कलम प्रथम वाचले तेव्हा ते मला निष्ठुर वाटले. विचार करता त्यातला प्रामाणिकपणा पटला. प्रत्येक तक्रार तडीस जाईपर्यंत ताफे पाडायचेच नाहीत असे ठरवले तर सकाळी कोणीच पाण्यावर उतरणार नाही. म्हणून अर्धवट ज्ञानावर निर्णय घ्यायचा, तो अर्धवट आहे हे लिहून ठेवायचे, आणि त्याची मुदत एका दिवसाची ठेवायची. अपुऱ्या माहितीवर दिलेला निवाडा क्षम्य ठरतो तो त्याच्या आखूडपणामुळे. मनूच्या निवाड्यामागची माहिती किती पुरी होती याची चर्चा पंडितांनी करावी; त्याची मुदत मात्र त्याने लिहिली नाही एवढे आपणही वाचू शकतो.

मेहकर तालुक्यातच हिवरा आश्रम येथे विवेकानंद आश्रम आहे. तेथे विवेकानंदांच्या जन्मोत्सवाला महाप्रसाद होतो. उघड्या शेतात माणसांच्या लांबच लांब पंगती बसतात, पुऱ्या आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरांवरून आणून वाढतात, आणि शेजारी कोण बसला आहे हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. भेदाच्या प्रश्नाला हे एक उत्तर आहे, आणि पहिल्या ओळीत बसून विचार केला तर तेच एकमेव वाटते. पण भूक सर्वांना सारखी असते; कसब नसते. जेथे वाढायचे आहे तेथे पंगत हीच धर्म्य रचना होय, आणि तेथे मानाचे पान मांडणारा मनुष्य माझ्या मते पापाचा धनी होतो. जेथे डॉक्टर निवडायचा आहे, पूल बांधणारा निवडायचा आहे, किंवा नुसते कोणाची नौका जलद हे पाहायचे आहे, तेथे पंगतीचा न्याय लावून भागत नाही. तेथे मोजावे लागते, आणि मोजले की वर-खाली आलेच. अद्वैती म्हणेल की पारमार्थिक दृष्टीने नौका एकच, पाणी एकच. असेल, व्यावहारिक सत्तेत फितीचे रंग तीन आहेत, आणि आपल्याला उद्या सकाळी त्यांतला एक बांधायचा आहे.

राहता राहिला तो या शर्यतींतला शेवटचा टप्पा, आणि त्याविषयी माझे मन अजून निवांत नाही. पात्रता फेरी संपली की वळणाची रीत बंद होते, आणि जे सामान्य बुद्धीला पहिल्या दिवशी करावेसे वाटले होते ते आता केले जाते: वरचा तिसरा हिस्सा सुवर्ण ताफ्यात, मधला रौप्यात, खालचा कांस्यात. यानंतर ताफे बदलत नाहीत. सुवर्ण ताफ्यातला शेवटचा मनुष्य अंतिम यादीत रौप्य ताफ्यातल्या पहिल्याच्या वर राहतो, मग त्या पहिल्याने उरलेल्या सर्व शर्यती जिंकल्या असल्या तरी. आणि कित्येक स्पर्धांत त्यानंतर अग्रस्थानच्या दहांची दुप्पट गुणांची एक शेवटची शर्यत असते, तीत तर त्याला प्रवेशच नसतो. तीन दिवस जो भेद रोज पुसला गेला तो चौथ्या दिवशी पक्का होतो. तिसावा आणि एकतिसावा यांच्यात एका गुणाचे अंतर असेल, कदाचित एका गेलेल्या वाऱ्याचे असेल, कदाचित रात्री साडेनऊला सुटलेल्या एका हरकतीचे असेल. नियमकर्त्यांचे म्हणणे असे की कोठेतरी रेघ मारावीच लागते, आणि ती मारण्यापूर्वी आम्ही प्रत्येकाला प्रत्येक प्रकारच्या सोबत्यांशी पुरेशा वेळा झुंजण्याची संधी दिली आहे. हे म्हणणे खोटे नाही. रौप्य ताफ्याचा पहिला आलेला खलाशी त्या वर्षी एकतिसावाच राहील, आणि तसे राहण्यात त्याच्यावर थोडा अन्याय होईल, हे मी मान्य करून टाकतो. माझी अट एकच, की त्याने जिंकलेल्या त्या शर्यती कागदावर राहाव्यात आणि पुढच्या स्पर्धेच्या मानांकन समितीपुढे त्या ठेवल्या जाव्यात, त्याच्या मुलाच्या नव्हे, त्याच्याच नावावर.